पंडिता रमाबाईंची साधी राहणी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि माहेरी चार ओळींचे पत्र यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण यंदा संक्रांतीनंतर एक गोष्ट घडली आणि लिहावेसे वाटले.

हळदीकुंकू झाल्यावर मी घरातला माळा आवरायला काढला. आजवर मिळालेली वाणे खाली उतरवली. डबे, गाळण्या, वाट्या, साबणदाण्या, आरसे, पिशव्या असे करता करता सत्तेचाळीस वस्तू झाल्या. त्यांतल्या बहुतेक वस्तूंना मी एकदाही हात लावलेला नव्हता. तरी एकही वस्तू कुणाला द्यायला मन होईना. सगळ्या पुसल्या आणि पुन्हा माळ्यावर चढवल्या. रात्री मनाला विचारले की हे असे का? उत्तर मला ठाऊक होते. माझे लहानपण टंचाईत गेले. घरात पाच माणसांत तीन ताटल्या होत्या. ज्याने टंचाई पाहिली त्याच्या हातून वस्तू सुटत नाही, अशी मी मनाची समजूत घालत आले.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचे चरित्र माझ्या वाचनात आले आणि ती समजूत ढासळली. माझ्या टंचाईला लाजवील अशी उपासमार या बाईंनी पाहिली होती. तरी पुढे त्यांनी स्वतःसाठी काही साठवले नाही. हे कसे झाले, तेवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवावे ही त्यांची हौस. त्या काळी हे लोकांना रुचले नाही, म्हणून शास्त्रीबुवांनी रानात आश्रम बांधला आणि तेथे पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. आश्रमात विद्यार्थी असत, येणाराजाणारा पाहुणा असे. सर्वांना जेवूखाऊ घालता घालता कर्ज झाले आणि कुटुंबाला तीर्थयात्रेला निघावे लागले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन तिला डोंगराखाली आणले. घर असे ते तिने पाहिलेच नाही. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आईने रमेला तोंडी संस्कृत शिकवले. हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार! होते ते दानधर्मात आणि यात्रेत गेलेले. उरले होते ते सोन्याचांदीचे दागिने विकले, मग तांब्यापितळेची भांडी विकली. शेवटी विकायलाही काही राहिले नाही. भीक मागण्याची सवय नाही आणि मोलमजुरी कधी केलेली नाही. तिरुपतीच्या बाजूच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ थोड्याच दिवसांत आई गेली. आईला न्यायला चार माणसे मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने तिरडीला हात लावला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. राहिली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही बहीणभाऊ पायी चालत हजारो मैल हिंडली. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, पायांत वहाण नाही. कित्येक दिवस मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खाल्ले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी पडली की दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत निजून तोंडाखेरीज सर्व अंग वाळूने झाकून घेतले आणि रात्र काढली. आपल्या माळ्यावर पाहुण्यांसाठी म्हणून गाद्यांची गुंडाळी असते. ती पाहिली की हल्ली मला त्या वाळूतल्या रात्रीची आठवण होते.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी एकदम देशभर नावाजली. पण सुख फार टिकले नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, त्यामुळे गवगवा झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात दहा महिन्यांची मुलगी आणि जवळ विद्या, एवढेच त्यांचे धन.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आजच्या आपल्या महिला मंडळांची ती थोरली आजीच म्हणावयाची. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून विलायतेच्या प्रवासाची तजवीज केली. १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी असा मानस होता, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना त्या भगिनी मायेने सांभाळीत. ते पाहून रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यावरून महाराष्ट्रात त्यांच्यावर फार टीका झाली. त्या वादात मी पडत नाही. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत आणि ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या जवळ. मला सांगावयाचे ते निराळेच आहे. त्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे, अशी पुष्कळांची समजूत असे. मेज, खुर्ची, काटेचमचे, झगा, टोपी हे सारे ओघाने येणारच, असे लोकांना वाटे. रमाबाईंनी धर्म घेतला, पण हे सामान घेतले नाही. विलायतेतही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही, त्याबद्दल तेथील वडीलधाऱ्यांची नाराजी सोसली. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्याला समजेल अशी संस्कृत अक्षरे का नकोत, यावरही त्यांनी हुज्जत घातली. येशू ख्रिस्ताने शिष्यांना अन्नवस्त्राची चिंता करू नये, पृथ्वीवर धनाचे साठे करू नयेत, असे शिकवले. रमाबाईंनी ती शिकवण घरात शोभेसाठी टांगली नाही, अंगी बाणवली.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. तेथे रमाबाईंनी भारतातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था निघाली आणि भारतातील विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे तिने कबूल केले. पाहा, अकरा दिवस पाल्यावर काढलेल्या बाईच्या हाती आता हजारोंची रक्कम आली. आपण काय केले असते? निदान दोन पातळे, दोन दागिने आणि म्हातारपणासाठी चार पैसे बाजूस काढले असते, यात आपल्याला काही गैरही वाटले नसते. पण पुढच्या वयातील रमाबाईंची छायाचित्रे पाहावीत. अंगावर साधे पांढरे वस्त्र, दागिना म्हणून काही नाही.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. १८९० साली सदन पुण्यास नेले. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती करतात असे बोलणे उठले, वर्तमानपत्रांतून झोड उठली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळावरून दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पैसा आणि मान दोन्ही मिळाला होता, त्यातला मान असा गेला. रमाबाई काम करीत राहिल्या.

त्याच सुमारास पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावी त्यांनी जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च काही अंशी चालावा, असा हेतू. विहिरी खोदल्या, झाडे लावली. येथे मला त्यांच्या साधेपणातील एक बारकावा दिसतो. साधे राहणे म्हणजे दरिद्री राहणे असे त्यांनी कधीच मानले नाही. जमीन, विहीर, बैल, गाय, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना हे सर्व त्यांनी जमवले. या वस्तू चार माणसांच्या पोटाला लावणाऱ्या. नुसत्या घरात बसून राहणाऱ्या वस्तू मात्र त्यांनी जमवल्या नाहीत. वस्तू किती, यापेक्षा वस्तू कोणाच्या कामाची, हा त्यांचा हिशेब असावा असे मला वाटते.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचताच रमाबाईंना आपले आईवडील आठवले असतील. येथे माझ्यासारखीने काय केले असते? दुष्काळाचे नाव ऐकताच डबे भरून ठेवले असते, दाराला कडी घातली असती. उपास सोसलेले माणूस बहुधा तसेच करते. रमाबाई उलट दुष्काळाच्या मुलखात गेल्या. हाडांची काडे झालेल्या, अनाथ, विधवा मुली त्यांनी गोळा केल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवू देईनात. तेव्हा केडगावच्या त्या माळावर झोपड्या उभ्या केल्या. तेथूनच मुक्ती सदन वाढले.

१८९८ साली अमेरिकेतील दहा वर्षांची मुदत संपली. शारदा सदनाला मदत पुढेही मिळत राहिली, परंतु मुक्तीच्या शेकडो मुलींसाठी ठरावीक रकमेची हमी कोणाचीच नव्हती. रमाबाईंनी परमेश्वरावर भार टाकला. रोजच्या रोज प्रार्थना करावी, येईल त्यात भागवावे. असे असता १९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी पुन्हा माणसे धाडली आणि मुली आणवल्या. मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर एक दिवस आला नाही तर आपला जीव खालीवर होतो. दोन हजार तोंडांचे अन्न, पाणी, वस्त्र, आजारपण या बाईंनी कसे निभावले असेल, याचा विचार करावा!

या मुलींना नुसते बसवून खाऊ घातले नाही. लिहावाचायला शिकवले. विणकाम, शिवणकाम, शेती, दुधाचे काम, तेल काढणे, छपाई असे धंदे शिकवले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकवली, त्यात मनोरमाबाईंचा पुढाकार होता. सुंदरबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणींनी साथ दिली. ज्या काळी विधवेला घराच्या कोपऱ्यात बसवीत, त्या काळी केडगावात विधवा छापखान्यात खिळे जुळवीत होत्या.

१९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत आपल्या आयुष्याची साक्ष लिहिली. त्या पुस्तकाच्या नावातच, कधी न संपणारा ठेवा, असा अर्थ आहे. ज्या बाईच्या आईवडिलांची भांडीकुंडी विकली गेली, जिने वाळू पांघरली, तिला आपल्याजवळ न संपणारा ठेवा आहे असे वाटावे, ही मला सर्वांत नवलाची गोष्ट वाटली. त्यांच्या दृष्टीने तो ठेवा म्हणजे त्यांची येशूवरील श्रद्धा. मला त्यातून इतके कळले की ज्याला आपला आधार दुसरीकडे सापडला, त्याला वस्तूंचा आधार लागत नाही. मी सत्तेचाळीस डबे माळ्यावर चढवते, कारण माझ्या मनाला उद्याचे भय आहे. ते भय डब्यांनी जात नाही, हे मी रोज पाहते.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. साध्या बाईबाप्याला समजेल अशी सोपी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह. मुळातून अर्थ लावता यावा म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतल्याच बायकांनी केले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक दिले. १९२१ साली त्यांच्या हाताखाली तयार झालेली, मुक्तीचा भार उचलणारी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईवडील, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर आता लेकही गेली. तरी भाषांतराचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या चौसष्टीच्या उंबरठ्यावर त्यांनी देह ठेवला. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार बायामुलांना सांभाळते आहे.

भगिनींनो, आता आपल्याकडे वळते. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही गावे उठली, तेव्हा कित्येकींनी पिढ्यान् पिढ्यांचे घर टेंपोत भरले आहे. त्यांना मी साधेपणा शिकवू नये. ज्याचे हातातून काढून घेतले जाते त्याला त्यागाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. जिला दोन पातळी आहेत तिला एकावर राहा म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. रमाबाईंनीही उपाशी मुलींना उपास शिकवला नाही, त्यांना भाकरी दिली. साधेपणाचा धडा आहे तो माझ्यासारखीला, जिच्या दोन खोल्यांत चार खोल्यांचे सामान आहे, जी कपाट घेते आणि मग कपाट ठेवायला मोठी जागा हवी म्हणून धन्याच्या मागे लागते, आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली दोघांचीही झोप उडवते.

हे चरित्र वाचून झाल्यावर मी पुन्हा माळ्यावर चढले. सत्तेचाळीसांपैकी एकतीस वस्तू खाली काढल्या. आमच्या इमारतीच्या कामावर असलेल्या मजुरांच्या बायकांना विचारून, ज्यांना जे हवे ते दिले. विचारून दिले हे मुद्दाम सांगते, कारण आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे दान नव्हे. एकीने घट्ट झाकणाचे चार डबे घेतले, तिच्या झोपडीत उंदरांचा त्रास होता. माझ्याकडे ते डबे सहा वर्षे रिकामे होते. सोळा वस्तू अजून माळ्यावर आहेत. आईचा चेपलेला पितळी तांब्याही आहे, तो माझ्याने देववत नाही. रमाबाईंएवढे मन मला कोठून येणार!

मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवते. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून संपणारी वस्तू द्यावी. गूळ द्यावा, तीळ द्यावेत, मूगडाळ द्यावी, फार तर मुलांसाठी वही द्यावी. महिन्याभरात ते वापरले जाईल, माळ्यावर चढणार नाही आणि देणारीची आठवण तोंडात गोड राहील. उरलेल्या वर्गणीतून एखाद्या गरजू मुलीचे शाळेचे दप्तर होते का, ते कार्यकारिणीने पाहावे.

माझ्या अल्पमतीने लिहिले आहे. काही चुकलेमाकले असेल तर पदरात घ्यावे. मंडळाचा वेल असाच वाढत राहो, आणि आपल्या घरातले सामान कमी होऊन आल्यागेल्याला बसायला जागा वाढो, एवढे मागून लेखणी खाली ठेवते.